नाव कमी केल्याचा दाखला

सोमवार, ४ नोव्हेंबर

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच बाजूला टाकशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता टाईप करून घेतला. टाईपराइटर ऑफिसचा आहे. कागद, पाकीट आणि तिकीट माझं आहे. हे सांगायची गरज नव्हती, पण सांगितल्याशिवाय पुढे लिहवेना.

तुझा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. मिळाला.

तू गेलास तेव्हा मी परीक्षेच्या निकालाची वाट बघत होते. मे महिन्यापासून मी नोकरीला आहे. शिधावाटप कार्यालय, खिडकी क्रमांक तीन. बाबांनी मालधक्क्यावरच्या सगळ्या हमालांना सांगितलं, आमची पोरगी सरकारात आहे. आता रोज कोणी ना कोणी त्यांना म्हणतं, मग आमची साखर वाढवायला सांग की तिला.

साखर माझ्या हातात नाही. माझ्या खिडकीवर कार्डातली नावं वाढवतात आणि कमी करतात. मूल झालं की वाढवायचं. माणूस वारला, मुलीचं लग्न झालं, कोणी गाव सोडलं की कमी करायचं. कमी करताना पट्टी लावून लाल शाईची एकच रेघ मारतात. रेघेखालचं नाव वाचता आलं पाहिजे असा नियम आहे. आमच्या हेडक्लार्कना सगळे पाठीमागे भिंगसाहेब म्हणतात, कारण ते प्रत्येक रेघ भिंगातून बघतात. माझ्या रेघा सरळ असतात असं ते एकदा म्हणाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

घरी सगळे ठीक आहेत असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. बाबांचा गुडघा सुजतो, पण सैन्याच्या मालाच्या गाड्या वाढल्यापासून धक्क्यावर कोणाला रजा नाही. रॉकेल पुरत नाही, त्यामुळे उजेड आहे तोवर जेवून घेतो. साबणाची वडी आई दोऱ्यानं कापून तीन तुकडे करते आणि प्रत्येकाचा तुकडा वेगळा ठेवते. बाबांचा सगळ्यात आधी संपतो. मग ते माझा वापरतात आणि मी नाही असं म्हणतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

कार्डावर तुझं नाव अजून आहे. बाबा, आई, तू, मी अशी चार नावं. दर महिन्याला चार माणसांचा शिधा घरी येतो. तू म्हणशील, बरं झालं, खा. पण आई तुझा वाटा आल्या आल्या वेगळा काढते. तांदूळ एका डब्यात, साखर दुसऱ्या. नवे तांदूळ आले की डब्यातले जुने आमच्यासाठी काढते आणि नवे तुझ्या डब्यात भरते. तू येशील त्या दिवशी तुला ताजे मिळावेत म्हणून. म्हणजे तुझे तांदूळ आम्ही खातोच, फक्त एक महिना उशिरा. साखरेला मात्र काही होत नाही, त्यामुळे ती नुसती साठत जाते. फेब्रुवारीपासून. डबा आईच्या कॉटखाली आहे. मी वजन केलेलं नाही. वजन केलं तर आकडा कळेल, आणि कळल्यावर माझ्याच्यानं गप्प बसवणार नाही. मी स्वतः चहा बिनसाखरेचा पिते. कोणी विचारलं तर तसाच आवडतो म्हणते.

दोन डिसेंबरपासून घरोघर तपासणी आहे. पथक येणार, घरातली माणसं मोजणार, डबे उघडून वजन करणार. एका माणसामागे एक महिन्याचा साठा ठेवता येतो, त्यापेक्षा जास्त सापडला तर कार्ड जप्त. आपल्या कार्डावर चार नावं, घरात तीन माणसं, कॉटखाली डबा. आणि त्या तिघांतली एक खिडकी क्रमांक तीनवर बसते.

एक दिवस येऊन जाशील का? पाच तारखेला आपली गल्ली आहे.

हे लिहून झाल्यावर कळलं की मी तुला तपासणीत खोटं उभं राहायला सांगते आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. तपासणीसाठी येऊ नकोस. असाच ये. नाहीतर आईला दोन ओळी तरी लिही, मी वाचून दाखवीन.

वहिनींना जास्त वेळ रांगेत उभं राहू देऊ नकोस. म्हणजे, कोणालाच देऊ नये. इथे रोज दोघी-तिघींना चक्कर येते.

तुझी,
ताई
(तूच मला ताई म्हणायचास, धाकटी असून. दुसरं काय लिहू?)


बुधवार, १३ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. पोस्टाला हल्ली आठ दिवस लागतात, कधी दहा. आज नववा आहे.

काल पलीकडच्या शिंपीणबाईंकडे पथक आलं. आपल्या भागाची पाळी नव्हती, कोणीतरी निनावी तक्रारीचा कागद टाकला होता म्हणे. त्यांच्या शिलाई मशीनच्या पेटीत तेलाच्या चार बाटल्या निघाल्या. त्या सांगत राहिल्या, मशीनचं तेल आहे साहेब, मशीनचं. पथकातल्या माणसानं बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, मशीन चांगलं खातंपितं आहे तुमचं. गल्ली हसली. मीही हसले. आज त्यांचं नाव आमच्या ऑफिसच्या फळ्यावर लागलं, आणि ते खडूनं लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर मोठं आणि वाचता येण्यासारखं आहे म्हणून.

दुकानात तर बघायलाच नको. सरकारी भावाची पाटी दुकानदारकाका रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतात, आणि त्या भावात काहीच नसतं. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "भाव छान आहे हो. आता त्या भावाचा मालही दाखवा."

काका म्हणाले, "आजी, त्या भावात फक्त पाटी येते. बांधून देऊ?"

मागच्या दारानं तीच डाळ तिप्पट भावात जाते. सगळ्यांना माहीत आहे. आमच्या ऑफिसातही माहीत आहे. पण ज्याचं कार्डच नाही त्याला ते मागचं दार सोडून दुसरं दार नाही, हे मला खिडकीवर बसल्यापासून कळलं.

आईशी बोलले. रविवारी सकाळी ती तांदूळ निवडत होती.

"आई, दादाचं नाव कमी करून घेऊ या."

"का? मेला का तो?"

"असं काय बोलतेस! गाव सोडलं तरी कमी करायचं असतं."

"गाव सोडलंय. घर नाही सोडलं."

"घरच तर सोडलंय, आई."

तिनं सूप खाली ठेवलं. "चार बुकं शिकवली तुला, आणि घरातलंच माणूस खोडायला निघालीस होय गं? तो परत आला आणि त्यानं विचारलं, आई, माझं नाव कुठाय, तर मी काय दाखवू? तुझी लाल रेघ?"

बाबा दारात बसून बूट चोळत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला त्यातलं काही विचारू नका." तुझं नाव त्यांनी फेब्रुवारीपासून घेतलेलं नाही, तुला ठाऊकच आहे. वहिनी तुझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आधीचे यजमान वारलेले, हे ते अजून गिळू शकलेले नाहीत. पण दादा, आई तुझा वाटा वेगळा काढते तेव्हा ते हटकत नाहीत. एकदा डब्याचं झाकण घट्ट बसेना, तर त्यांनीच ठोकून बसवलं.

आईला मी एक गोष्ट सांगितलेली नाही. जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला असल्याशिवाय दुसऱ्या गावी कोणाला कार्ड मिळत नाही. परवा एक बाई आली होती, परगावाहून इथे आलेली, कडेवर मूल. दाखला नव्हता. मी तिला परत पाठवलं. ती म्हणाली, "अहो बाई, तिकडचा कारकून उत्तरच देत नाही. दोन महिने झाले. त्याच्या घरी पोरंबाळं नाहीत का?"

मी म्हटलं, "स्मरणपत्र पाठवा."

तेव्हापासून माझी रेघ सरळ येत नाही.

ताई


रविवार, १७ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र आधीच लिहायला हवं होतं. आज सुट्टी आहे, आई-बाबा दोघंही कोळशाच्या रांगेत गेले आहेत. ते यायच्या आत लिहून संपवते.

पत्रं मध्येच फोडून वाचतात असं ऐकलं आहे. वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. हे आमच्या घरचं आहे, लढाईचं यात काही नाही.

तुझा नाव कमी करण्याचा अर्ज माझ्याकडे आहे.

तेवीस सप्टेंबरला टपालात आला. मी पाकीट फोडलं आणि अक्षर बघून आधी वाटलं, हे मीच कधीतरी लिहिलेलं आहे. तू गिरणीतून आल्यावर माझ्या वहीवरून गिरवायचास ना, तेच अक्षर. मी तो आवक वहीत नोंदवला, क्रमांक ११४७. मग ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली ठेवला. आज आठ आठवडे होत आले.

लपवायचाच होता तर नोंद कशाला केली, असं तू म्हणशील. टपालात आलेला कागद न नोंदवणं मला जमलं नाही. लपवणं जमलं.

अर्जात वहिनींना पाचवा महिना असल्याची डॉक्टरांची चिठ्ठी होती, दुधाच्या जादा कुपनासाठी. म्हणजे आता सातवा. मला ते आठ आठवड्यांपासून माहीत आहे, आणि घरात मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला दोन पत्रं लिहिली, जसं काही मला ठाऊकच नाही. पहिल्या पत्रात रांगेचं लिहिलं ते त्यामुळेच.

का केलं ते सांगते. मी स्वतःलाही निरनिराळी कारणं दिली.

पहिलं, आईसाठी. तिच्या हातातलं कार्ड काढून घेऊन त्यावर रेघ मारायची आणि परत द्यायचं, हे मला करायचं नव्हतं. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही.

दुसरं, रागानं. अर्जात कारणाच्या रकान्यात तू लिहिलं होतंस, 'सदर कुटुंबाशी संबंध उरलेला नाही.' ज्याच्या पगारावर मी शाळेत गेले त्यानं हे माझ्याच खिडकीवर पाठवलं. तुला माहीत नव्हतं मी इथे आहे, कळतं मला. तरी दोन दिवस मी तो रकाना पुन्हा पुन्हा काढून वाचत होते.

तिसरं म्हणजे भीती. नातेवाइकाचा कागद आला तर तो आपण न हाताळता हेडक्लार्ककडे द्यायचा, असा नियम आहे. दिला असता तर त्यांनी कार्ड मागवलं असतं. मग निघालं असतं की मी नोकरीला लागल्यापासून आमचं घर गैरहजर माणसाचा शिधा उचलतं आहे, आणि रोज दुसऱ्यांना याच गोष्टीसाठी परत पाठवणारी मी गप्प बसले आहे. नोकरी गेली असती. बाबा धक्क्यावर कोणाला तोंड दाखवणार?

हे तिसरं कारण मी शेवटी लिहिलं. ते पहिलं आहे.

इथे साखर कॉटखाली डब्यात पडून आहे आणि तिकडे वहिनी मागच्या दारानं तिप्पट भावात घेत असतील, नाहीतर घेतच नसतील. तुझ्यासाठी ठेवलेल्या वाट्यामुळेच तुला वाटा मिळत नाही. हे आईला सांगायचं धाडस माझ्यात अजून आलेलं नाही. आई-बाबा आले.

ताई


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दादा,

तुझं स्मरणपत्र आलं. मला नाही, कार्यालयाला. तारीख चौदा आहे, म्हणजे माझं रविवारचं पत्र तुला त्याआधी मिळालेलं नाही. पण पहिलं मिळालं असणार. त्याला तू उत्तर दिलं नाहीस आणि कार्यालयाला लिहिलंस. बरोबर केलंस. 'माझी पत्नी गरोदर असून आपल्या दिरंगाईमुळे तिचे हाल होत आहेत.' हे वाक्य भिंगसाहेबांनी मोठ्यानं वाचलं.

मग वही उघडून मला बोलावलं.

"बाई, ११४७ कुठे आहे?"

"शोधते, साहेब."

"नोंद तुमच्या हातची आहे. अर्जदाराचं आडनावही तुमचंच आहे. पत्ताही." त्यांनी भिंग खाली ठेवलं, मी ते खाली ठेवलेलं कधी पाहिलं नव्हतं. "सोमवारी सकाळपर्यंत शोधा. नीट शोधलंत तर सापडेल."

सापडायला काय, तो माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

ताई


मंगळवार, २६ नोव्हेंबर

दादा,

काल सकाळी मी अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. सोबत माझा कबुलीचा कागद. आठ ओळींचा होता, तो तीन ओळींचा केला, कारण बाकीच्या पाच ओळी सबबी होत्या.

त्यांनी भिंगातून वाचला. "खाडाखोड नाही," म्हणाले. मग कागद फाइलीत लावला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, हे मी म्हणायला पाहिजे. पण खरं सांगायचं तर तुम्ही नोंद केलीत, हीच अपेक्षा होती." मला खिडकीवरून उठवलं आहे. माझा अहवाल वर जाईल, निर्णय पंधरा दिवसांत. तोवर मी आतल्या खोलीत जुन्या कार्डांचे गठ्ठे बांधते. त्यांनी नियम सांगितला. तुझा अर्ज ते स्वतः बघतील, पण कुटुंबप्रमुखानं कार्ड घेऊन समक्ष यायला हवं आणि अर्जातल्या कारणाला संमतीचा अंगठा द्यायला हवा. तपासणीच्या आत, म्हणजे शनिवारपर्यंत. तपासणीत नाव सापडलं तर कार्ड जप्त होईल आणि मग दाखला कोणालाच मिळणार नाही.

कुटुंबप्रमुख म्हणजे बाबा.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आधी दाखल्याचा नियम, मग अर्ज, मग वहिनींचं. मला वाटलं ती मारील, निदान रडेल.

ती म्हणाली, "कितवा?"

"सातवा."

बोटं मोजली. "जानेवारी अखेर. थंडीत." मग, "आणि तुला कधीपासून माहीत आहे?"

"सप्टेंबरपासून."

त्यावर ती जे बोलली ते लिहीत नाही. लिहायला लाज वाटते म्हणून नाही, तो माझा आणि तिचा हिशोब आहे.

नंतर तिनं वाकून डबा बाहेर ओढला, झाकण काढायला बसली. झाकण निघेना. "हे पाठव तिला. आत्ता पोस्टात जा."

"आई, शिधा पोस्टानं पाठवता येत नाही. गुन्हा आहे."

"मग मी घेऊन जाते. गाडीनं."

"स्टेशनवर पिशव्या तपासतात."

"म्हणजे माझ्या घरात माझ्या सुनेसाठी साखर आहे, आणि मी ती तिला देऊ शकत नाही?"

"नाही."

"कोणी केला हा नियम?"

तिला ऐकायचं होतं की मी केला. बाबा आले तेव्हा ती तशीच डब्यासमोर बसलेली होती. ते पाय धूत होते, तेव्हा तिनं आतूनच सांगितलं, "अहो, नातवंड होणार आहे तुम्हाला. सातवा चालू आहे. आणि आपल्यामुळे पोरीला दूध मिळत नाहीये."

पाणी ओतल्याचा आवाज थांबला. नंतर परत सुरू झाला. जेवून ते लगेच आडवे झाले. आज सकाळी बूट घालताना मात्र मला विचारलं, "त्या प्रमुखाला स्वतःच यावं लागतं का?"

"हो, बाबा."

"अर्धा दिवस मोडेल."

आणि गेले. येतील की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही. आज मंगळवार. चार दिवस.

ताई


शनिवार, ३० नोव्हेंबर

दादा,

सोबतचा कागद आधी बघ आणि मग हे वाच. दाखला तीस दिवसांत तिकडच्या कार्यालयात दाखवायचा आहे. मिळेल त्याच दिवशी जा. डॉक्टरांची चिठ्ठी परत जोडली आहे, ती वेगळी काढू नकोस.

कसं झालं ते सांगते.

बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारीही बाबा नेहमीसारखे कामावर गेले. आज सकाळी साडेदहाला मी गठ्ठे बांधत होते, तेव्हा नव्या कारकुनानं दारातून डोकावून सांगितलं, "तुमचे वडील रांगेत आहेत. आईपण. डबा घेऊन आल्यात."

मी दारापाशी उभी राहिले. पुढे जायची मला परवानगी नव्हती. खिडकी तीनची रांग भिंतीपर्यंत होती. बाबा कामाच्याच कपड्यात, टोपी हातात. पुढचा माणूस त्यांना म्हणाला, "काका, तुमची मुलगी इथेच ना? आत जा की." बाबा म्हणाले, "आत गेलो तर बाहेरच्यांनी काय करायचं?" आणि उभे राहिले. गुडघा बदलत, एकदा या पायावर, एकदा त्या. सव्वा तास.

भिंगसाहेब स्वतः खिडकीवर येऊन बसले. कार्ड बघितलं, अर्ज बघितला, मग नेहमीच्या आवाजात वाचून दाखवलं. "अर्जदारानं कारण दिलं आहे, सदर कुटुंबाशी संबंध उरलेला नाही. कुटुंबप्रमुखाला मान्य? इथे अंगठा द्या."

शाईचा ठोकळा पुढे सरकवला. बाबांनी हात पुढे केला. मग अर्ध्यावरच थांबवला.

"काय लिहिलंय म्हणालात?"

साहेबांनी परत वाचलं.

"नाही मान्य," बाबा म्हणाले.

आईनं त्यांच्या बाहीला धरलं. "अहो, अंगठा द्या. पोरीचं दूध अडलंय."

"खोट्यावर नाही देणार."

"मग दाखला देता येणार नाही," साहेब म्हणाले. "कारण अर्जदाराचं आहे, मला बदलता येत नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "घरचं भांडण घरी करा, आमची पाळी येऊ द्या!" आई वळून त्याला म्हणाली, "तू घरी भांडलास तर तुझी तरी पाळी येईल का कधी?" लोक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांचा हात अजून तसाच हवेत होता, ना पुढे ना मागे.

मला नियम माहीत होता. हा अर्ज आठव्या नमुन्यावर असतो आणि मंजुरीचा शिक्का बसला की तोच कागद दाखला होतो; त्याच्या मागच्या बाजूला कुटुंबप्रमुखाला स्वतःचं निवेदन देता येतं, ते कोणी वापरत नाही. पण मला खिडकीपाशी जायला मनाई होती. मी दारातूनच म्हटलं, जरा मोठ्यानं, "साहेब, मागची बाजू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी अर्ज उलटा केला, पेन उघडलं आणि बाबांना म्हणाले, "सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहितो. थोडक्यात."

बाबांनी टोपी काखेत धरली. मग त्यांनी सांगितलं. मी दारात उभी राहून ऐकलेलं जसंच्या तसं लिहिते, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

"माझ्या मुलाचं लग्न झालं. लग्नाला मी गेलो नाही. त्याची बायको माझी सून आहे. तिला दिवस आहेत, म्हणून त्यांना वेगळं कार्ड पाहिजे. नाव काढा. संबंध आहे."

साहेबांनी सगळं लिहिलं. "लग्नाला गेलो नाही, हे हवंय का?" त्यांनी विचारलं.

"राहू दे तसंच."

अंगठा दिला. मग साहेबांनी पट्टी लावून तुझ्या नावावर लाल रेघ मारली, माझ्याहून सरळ. कार्ड परत करताना आईला सांगितलं, खाली नाव वाचता येतंय, बघा. आईला वाचता येत नाही. तरी तिनं बघितलं.

डबा तिनं खिडकीवर ठेवला. वजन झालं, चार किलो सहाशे. मी आज पहिल्यांदा आकडा ऐकला. मुदतीच्या आत स्वतःहून जमा केल्यामुळे दंड नाही, कार्ड राहतं. मात्र साखर सरकारजमा होईल, परत मिळणार नाही. आईनं विचारलं, "कोणाला देणार ही?" साहेब म्हणाले, इस्पितळाला. ती म्हणाली, बाळंतिणींच्या वॉर्डात द्या, आणि त्यांच्याकडून ते लिहून घ्यायला लागली. त्यांनी लिहून दिलं. तो कागद आता डब्याच्या जागी कॉटखाली पेटीत आहे.

बाबा तिथूनच कामावर गेले. जाताना दारापाशी थांबून मला म्हणाले, "तिला कळव. तुझ्या दादालाही." नऊ महिन्यांनी 'दादा' म्हणाले, नाव अजून नाही घेतलं. मी वाढवून सांगत नाही.

माझ्या अहवालाचा निर्णय दहा तारखेला. भीती वाटते. खोटं कशाला बोलू, खूप वाटते. गुरुवारी पथक येईल तेव्हा कार्डावर तीन, घरात तीन. त्याची भीती नाही, हे लिहिताना बरं वाटतं.

दाखल्याची मागची बाजू मी नक्कल करून ठेवलेली नाही. ती तुझी आहे. तिथे अंगठ्याची शाई थोडी फाकली आहे, कारण त्यांनी अंगठा फार जोर लावून दाबला. तिकडच्या कारकुनानं हरकत घेतली तर सांग, मूळ खूण अशीच आहे.

उत्तर लिहिलंस तर माझ्या नावानं नको, घरच्या पत्त्यावर बाबांच्या नावानं लिही. रागावलेला असशील तर रागाचंच लिही, माझ्याबद्दल जे वाटतं तेही. वाचून मीच दाखवणार आहे, आणि या वेळी काही गाळणार नाही.

ताई